सुपारी, पेटी आणि खोका

श्रोतेहो, चालू बोलीतल्या शब्दांची चर्चा निघाली की 'कल्टी', 'झोल', 'लोच्या' अशी यादी सांगून हशा मिळवता येतो. मला मात्र आज सुपारीपाशी थोडे रेंगाळायचे आहे, कारण हा शब्द सभ्य घरातला आहे आणि तरीही तो नको त्या वस्तीत जाऊन राहिला.

आपल्याकडे पूजेत गणपतीची मूर्ती नसेल तर तांदळावर सुपारी मांडतात. लग्न जमले की सुपारी फुटते. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी जत्रेसाठी फड ठरवायला येतात आणि बोलणी पक्की झाली की फडाला 'सुपारी मिळाली' असे म्हणतात. बँडवाल्याचीही सुपारीच असते. म्हणजे सुपारी हे दिलेल्या शब्दाचे चिन्ह आहे: काम ठरले, इसार दिला, आता माघार नाही. मुंबईच्या टोळ्यांनी माणूस मारण्याच्या कंत्राटाला हेच नाव दिले, तेव्हा त्यांनी शब्दाचा अर्थ फारसा बदललाच नाही. इसार, ठरलेली रक्कम, ठरलेला दिवस, शब्द पाळण्याची सक्ती हे सारे तसेच राहिले. बदलले ते केवळ काम. या शब्दाचा धाक मला वाटतो तो याचमुळे, की खुनाच्या व्यवहाराला तो जत्रेच्या व्यवहाराइतकाच रीतसर करून टाकतो.

मात्र नव्या अर्थाने जुन्याला हुसकावले नाही. तमासगीर आजही न संकोचता 'यंदा सुपाऱ्या कमी आल्या' असे म्हणतो आणि ऐकणारा दचकत नाही. अर्थ कोणता घ्यायचा, हे बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि पैसा कशासाठी हातात पडला, यावरून ठरते. कोशात दोन्ही अर्थ नोंदवता येतील. त्यांतला कोणता कधी लागू होतो ही समज मात्र बोलीतच मुरावी लागते.

'पेटी' आणि 'खोका' यांची गोष्ट निराळी आहे. पेटी म्हणजे एक लाख आणि खोका म्हणजे एक कोटी, हे गणित वस्तूंच्या आकारावरून कोणालाही उलगडणार नाही, कारण शंभर पेट्या मावतील असा खोका कोणी पाहिलेला नाही. (गवयाच्या घरी पेटी म्हणजे हार्मोनियम, हे तर वेगळेच.) रक्कम उघड उच्चारायची नाही, एवढ्याच गरजेतून हे शब्द रुळले. पण आडपडद्यासाठी घेतलेला शब्द सगळ्यांना कळू लागला की त्याचा आडपडदा संपतो. ऑगस्ट 2022 मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी 'पन्नास खोके, एकदम ओके' अशी घोषणा दिली, तेव्हा खोका म्हणजे काय हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागले नाही. कुजबुजीचा शब्द चक्क घोषणेत आला आणि लहान मुलेही तो म्हणू लागली. त्यानंतर भर बैठकीत कोणी साधे पुठ्ठ्याचे खोके मागितले तरी चार जण गालातल्या गालात हसत.

पेटीवर ही पाळी आलेली नाही. देवगडचा बागायतदार एप्रिलमध्ये फोनवर 'दोन पेट्या पाठवतो' असे अजूनही मोकळ्या आवाजात सांगतो, आणि पलीकडचा माणूस आंबा तयार आहे की कच्चा एवढेच विचारतो.