तांबं एकच, मागणारे अनेक

(पडद्यावर: तळहातावर एक करडं नाणं. लोहचुंबक जवळ येतो, नाणं टचकन चिकटतं.)

हा अमेरिकेचा एक सेंट. एरवी तांबूस असतो. पण 1943 साल कोरलेला हा सेंट पोलादाचा आहे, वर जस्ताचा पातळ मुलामा. म्हणून तर चुंबकाला चिकटला. त्या वर्षी टांकसाळीच्या वाट्याला तांबं आलंच नाही. ते काडतुसांच्या पुंगळ्यांना आणि विजेच्या तारांना हवं होतं.

तांबं अपुरं पडतंय, हे सगळ्यांना दिसत होतं. पण किती अपुरं, आणि कुणाच्या हिशेबाने? यावरून 1942 साली वॉशिंग्टनमध्ये जी खडाजंगी झाली, ती रणांगणावरच्या एखाद्या लढाईइतकीच महत्त्वाची होती, असं मला मनापासून वाटतं.

(पडद्यावर: संसदेत भाषण करणारे रूझवेल्ट, जानेवारी 1942.)

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला जेमतेम महिना झालाय. 6 जानेवारीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आकडे जाहीर करतात. या वर्षी 60,000 विमानं, 45,000 रणगाडे. पुढच्या वर्षी 1,25,000 विमानं, 75,000 रणगाडे. हादरलेल्या देशाला उभं करायला असे आकडे हवेच होते. पण कारखान्यांत काय आणि किती निघू शकतं, हे मोजून ते काढलेले नव्हते.

लष्कराचा हिशेब वेगळाच. आदल्या वर्षी मेजर अल्बर्ट वेडेमायर यांनी, जर्मनीपुढे रशिया फार दिवस तग धरणार नाही ही शक्यता धरून, अमेरिकेला सुमारे 215 डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांची एक अशा मोठ्या तुकड्या, लागतील असं मांडलं होतं. नौदलाची मागणी निराळी, व्यापारी जहाजांची निराळी, मित्रराष्ट्रांना पाठवायच्या मालाची आणखी निराळी. प्रत्येकाने आपापल्या परीने चोख हिशेब केला होता. फक्त प्रत्येकाने तेच पोलाद आणि तेच तांबं आपलं म्हणून धरलं होतं.

मग कारखान्यांवर मागण्यांचे कागद येऊन धडकू लागले. निकडीच्या कामाला वरचा दर्जा द्यायचा, अशी पद्धत होती. पण निकड कुणाला नव्हती? बघता बघता जो तो पहिल्या दर्जाचा. मग त्याच्याही वरचा दर्जा काढला, मग त्याच्याही वरचा. सब घोडे बारा टक्के! नव्या कारखान्यांच्या इमारतींत इतकं पोलाद जाऊ लागलं, की त्या उभ्या राहिल्यावर आत काम कशावर करायचं, हा प्रश्न पडला.

(पडद्यावर: एका माणसाचं छायाचित्र. टेबलावर तक्त्यांचे कागद.)

हे सायमन कुझनेट्स. रशियन साम्राज्यातल्या पिन्स्कमध्ये जन्मलेले, तरुणपणी अमेरिकेत आलेले अर्थतज्ज्ञ. देशाचं राष्ट्रीय उत्पन्न किती, हे मोजण्याची रीत त्यांनी बसवली. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट नेथन आता युद्ध उत्पादन मंडळाच्या नियोजन समितीचे अध्यक्ष होते. कुझनेट्सनी काम केलं ते वरवर पाहता अगदी साधं. सगळ्या खात्यांच्या मागण्या एकाखाली एक मांडल्या, बेरीज केली आणि ती देशाच्या क्षमतेशेजारी ठेवली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. उद्दिष्टं अवाक्याबाहेरची होती. शिवाय युद्धाचे डावपेच ठरवणारे आणि उत्पादन सांभाळणारे एकत्र बसतील असं वरिष्ठ मंडळ हवं, असंही त्यांनी सुचवलं.

ऑगस्ट 1942 मध्ये अहवाल तयार झाला. सप्टेंबरमध्ये लष्कराच्या पुरवठ्याचे प्रमुख जनरल ब्रेहॉन सॉमरव्हेल यांचं उत्तर आलं. हा अहवाल विचारी माणसांच्या नजरेआड ठेवावा, अशा आशयाचं.

सॉमरव्हेलना खलनायक ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्याच्यावर लाखो पोरांच्या हाती बंदूक द्यायची जबाबदारी, तो कमी का मागेल? पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला बहुतांशी फ्रेंच तोफांवर लढावं लागलं होतं.

(पडद्यावर: चांदीच्या विटांची थप्पी.)

खात्यांची भाषासुद्धा एक नव्हती. त्याच उन्हाळ्यात अणुबॉम्ब प्रकल्पाला विद्युतचुंबकांच्या वेटोळ्यांसाठी तांबं मिळेना. केनेथ निकोल्स नावाचे लष्करी अधिकारी अर्थखात्याकडे तांब्याऐवजी चांदी मागायला गेले, तीही हजारो टन. आमच्याकडे चांदी टनांत नव्हे, ट्रॉय औंसांत, म्हणजे सोन्याचांदीच्या छोट्या मापात मोजतात, असं त्यांना ऐकवण्यात आलं. चांदी मिळाली, सुमारे 14,000 टन. तिच्यातली शेवटची खेप सरकारी तिजोरीत परतली ती 1970 साली.

(पडद्यावर: बैठकीची खोली, लांब टेबल.)

6 ऑक्टोबर 1942. युद्ध उत्पादन मंडळाची बैठक. अध्यक्षस्थानी डोनाल्ड नेल्सन. सॉमरव्हेल मागे हटत नाहीत. तेव्हा दरनियंत्रणाचे प्रमुख लिऑन हेंडरसन यांचा बांध फुटतो आणि ते जनरलवर भर बैठकीत तुटून पडतात. खोली हादरते. पण त्यानंतर सूर बदलतो. पुढच्या काही आठवड्यांत सेनाप्रमुखांनी 1943 चा कार्यक्रम सुमारे 93 अब्ज डॉलरवरून 80 अब्जांवर आणला. कुझनेट्सचं वरिष्ठ मंडळ मात्र झालं नाही.

नोव्हेंबरमध्ये मंडळाचे उपाध्यक्ष फर्डिनंड एबरस्टॅट यांची योजना जाहीर झाली. दर तिमाहीला प्रत्येक खात्याने फक्त तीन धातूंची मागणी मांडायची: पोलाद, तांबं, अ‍ॅल्युमिनियम. मंडळाने ती उपलब्ध मालाशी जुळवायची आणि प्रत्येकाचा वाटा ठरवून द्यायचा. त्या वाट्यात आपल्या कंत्राटदारांचं कसं भागवायचं, हे ज्याचं त्याने बघायचं. आता खोट्या निकडीला वावच उरला नाही.

1943 मध्ये सुमारे 86,000 विमानं तयार झाली. 1,25,000 नाहीत, पण जगात कुठल्याही देशाने त्या वर्षी इतकी बनवली नाहीत.

आणि रशिया टिकला. ज्या गृहीतकावर 215 डिव्हिजन उभ्या होत्या, तेच खालून निघून गेलं. आकडा 90 वर आला. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकन लष्कराच्या 89 डिव्हिजन होत्या.

(पडद्यावर: जहाजाच्या पत्र्याला जोड देणारे कामगार. ठिणग्या.)

सैन्यात न लागलेली बाकीची माणसं गोद्यांत, शेतांत, भट्ट्यांपुढे काम करत राहिली.