हेलियम गोठत का नाही?

पत्रिकेत माझा विषय 'मूलद्रव्यांच्या अवस्था' असा छापलाय. त्याकडे येतोच. पण हेलियमचं नाव काढलं की आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, "तो तर आपल्या विजयदुर्गावर सापडला!" आज एवढं मला निस्तरू द्या. देवगडची मंडळी बसली असतील तर त्यांनी रागावू नये. हापूसबद्दल मी काही बोलणार नाहीये.

18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरसाहेब किल्ल्यावर दुर्बीण लावून बसले आणि त्यांना हेलियम दिसला, अशी ही कथा. अहो, ऑगस्टात कोकणात समोरचं घर दिसण्याची मारामार, तिथे सूर्य कुठला? लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते. ग्रहण पाहिलं फ्रेंच जान्सेननी, तेही गुंटूरहून. लॉकयरनी 20 ऑक्टोबरला ग्रहणबिहण नसताना, आपल्या देशातूनच, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यात एक पिवळी रेघ होती, सोडियमच्या जोडरेघेजवळची, पण तिच्याशी न जुळणारी; तीच हेलियमची खूण. मग विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे'? साहेब आले होते हो, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला! तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेंनी लंडनमध्ये, 1895 सालीच, युरेनियमच्या खनिजातून हेलियम काढून दाखवला होता. एका शाळेत हे सगळं सांगितलं, तर मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "सर, फलक रंगवून झालाय."

अध्यक्ष घड्याळ बघतायत. बरं, भराभर सांगतो.

पारा द्रव, लोखंड घन, हेलियम वायू असं आपण पाठ करतो. ही वर्गवारी आपल्या खोलीच्या तापमानाची आणि हवेच्या दाबाची आहे, मूलद्रव्याची नव्हे. 1908 साली लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी उणे 269 अंशांवर हेलियमचा द्रव केला. मग वाफ उपसत ते जवळपास 1 केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे 272 अंशांपर्यंत गेले, तरी तो गोठेना. फेब्रुवारी 1926 मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे सहकारी केसोम यांनी हेलियम घन केला. नुसत्या थंडीने नाही, दाब देऊन! अणू हलका, आपसातली ओढ क्षीण, आणि पुंज (क्वांटम) नियमांमुळे निरपेक्ष शून्याला, म्हणजे तापमानाच्या अगदी तळालाही, त्याची थरथर थांबत नाही. शून्याजवळसुद्धा सुमारे 25 वातावरणांचा दाब दिल्याशिवाय तो जागेवर बसत नाही.

तापमान 2.17 केल्व्हिनखाली गेलं की उकळणारा द्रव एकदम शांत होतो. 1938 साली मॉस्कोत कपित्झा आणि केंब्रिजमध्ये ॲलन व मिसेनर यांनी दाखवलं की तो मग अतिसूक्ष्म फटीतून जवळजवळ विनाघर्षण वाहतो. म्हणजे द्रवाच्याच दोन अवस्था! उघड्या भांड्यात ठेवला तर पातळ थर होऊन भिंतीवर चढतो आणि बाहेर ठिबकतो. हेलियम-3 या त्याच्या हलक्या समस्थानिकाला यासाठी केल्व्हिनच्या काही हजारांश भागापर्यंत थंड करावं लागतं. का, ते चहाच्या वेळी विचारा.