सत्कारानंतरचा जुलै

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या बेळगाव भागात जूनचा पाऊस लागला की गल्लोगल्ली सत्कार सुरू होतात. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागलेला असतो. देवळासमोर मांडव पडतो, शाल येते, नारळ येतो, पाहुणे "खूप शीक, मोठी हो" म्हणतात आणि फोटो निघतो. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी तीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. असे नारळ मीही पुष्कळ दिले. त्यातला एक मात्र आजही आठवला की जीव कासावीस होतो.

वडील नसलेली मुलगी. आई वीटभट्टीवर जायची. पोरीला 91 टक्के पडले. पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतलं. फी आम्ही शिक्षकांनी गोळा केली, बसचा पास काढून दिला. आपलं काम झालं, असं आम्हांला वाटलं. दसऱ्याच्या सुट्टीत ती आठवड्याच्या बाजारात दिसली, आईबरोबर भाजी विकत. म्हणाली, "सर, सोडलं कॉलेज. काही कळंनाच झालतं."

श्रोतेहो, या मुलीला त्वरणाचं सूत्र झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. पण दहा वर्षं जे 'त्वरण' होतं, ते जुलैत एका दिवसात 'ॲक्सिलरेशन' झालं. प्रकाशसंश्लेषणाचं 'फोटोसिंथेसिस' झालं. ऐंशी मुलांच्या वर्गात उठून "सर, म्हणजे काय?" असं विचारायचा धीर कुठून आणायचा? आणि घरी विचारायचं कुणाला? तिच्याकडे फी होती, पास होता, हुशारी तर होतीच. नव्हतं ते एक माणूस. माझं घर तिच्या गावापासून बसनं अर्ध्या तासावर. मी जूनमध्ये तिला नारळ दिला आणि जुलैत एकदाही विचारलं नाही, "काय गं, कसं चाललंय?"

अशाच एका सत्काराची गोष्ट सांगतो. 1907 साली मुंबईत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याचा सत्कार झाला. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी होते. त्यांनी आपलं पुस्तक त्याला भेट दिलं. तिथंच थांबले असते तर ते आपल्यासारखेच ठरले असते. पण गुरुजींनी त्या मुलाचा हात सोडला नाही. पुढं कॉलेजला पैसा कमी पडला, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. महाराजांचा पैसा आपण सांगतो, आणि सांगायलाच हवा. पण त्या पैशापर्यंत मुलाला नेणारा माणूस आपण विसरतो.

आजही पैसा अगदीच नाही असं नाही. आठवीतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत हवं, सातवीला 55 टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींना त्यात 5 टक्के सूट आहे. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये, चार वर्षांचे 48,000. परीक्षेत दोन पेपर. एक शाळेच्या अभ्यासाचा, दुसरा बुद्धिमत्तेचा, आणि आमची मुलं या दुसऱ्यातच अडखळतात. आकृत्यांची कोडी, संख्यामालिका हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. रोज अर्धा तास, असं तीन महिने कुणी सोबत बसलं तर तेच मूल ती कोडी खेळासारखी सोडवतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

निपाणीच्या माउल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. विड्या वळणाऱ्या कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती आहे. नववी-दहावीला वर्षाला 2,000, अकरावी-बारावीला 3,000 आणि पुढं इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या शिक्षणाला 25,000 रुपये. त्याला तुमचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. ते ट्रंकेच्या तळाशी असेल तर वर काढून ठेवा.

आणि आता नावाचं दुखणं. आपल्या सीमाभागात एकाच मुलाचं नाव तीन लिप्यांतून फिरतं. शाळेत मराठी, दाखल्यावर कन्नड, आधारवर इंग्रजी. कुठं वडिलांचं नाव पूर्ण, कुठं नुसतं आद्याक्षर, कुठं आडनावच गायब. माझ्याच वर्गातला एक मुलगा एनएमएमएस पास झाला, आणि नावाची दुरुस्ती होईपर्यंत पोर्टलवरची मुदत संपली. बाप रोजंदारीवर जाणारा. हेलपाटे घालताना किती दिवसांचा रोज बुडाला असेल! त्या मुलाची परीक्षा चुकली नव्हती. चुकलं होतं एक अक्षर. शिवाय निवड झाली म्हणजे संपलं असंही नाही. नववीत ऑनलाइन अर्ज भरावा लागतो आणि पुढं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. हे ध्यानात ठेवणारं मोठं माणूस ज्या घरात नाही, त्या घरातली शिष्यवृत्ती दुसऱ्याच वर्षी बंद पडते.

निवृत्त झाल्यापासून मी एवढंच काम करतो. दर रविवारी सकाळी सहा मुलं माझ्या पडवीत येतात. प्रत्येकाच्या वहीत उभी रेघ मारलेली. डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी, देवनागरीत उच्चारासकट. दहावीची परीक्षा संपली की ही वही सुरू होते. निकालाची वाट बघत नाही, कारण एप्रिल-मेचे ते दोन महिने फार मोलाचे आहेत. पुढं कॉलेजच्या वर्गात बसलेल्या मुलाला शब्द ओळखीचे वाटले की अर्धी भीती तिथंच सरते. कधी त्यांच्याबरोबर नाडकचेरीत, म्हणजे महसूल कचेरीत, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जातो, कधी बँकेत खातं आधारला जोडलंय का ते बघायला. कधी काहीच करत नाही, चहा पितो आणि ऐकतो. एखाद्याचा बाप पितो, एखादीचं लग्न ठरवायचं चाललंय. त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण दोन घरी मी जाऊन बसलो, बोललो, आणि त्या दोन्ही मुली आज कॉलेजात आहेत. 2023 पासून आपल्या कर्नाटकात मुलींना सरकारी बसच्या तिकिटाला पैसे पडत नाहीत, तेही त्या घरांत उपयोगी पडलं.

वडगाव-शहापूरच्या विणकर गल्ल्यांतले, येळ्ळूर-उचगावचे, मंडळांचे कार्यकर्ते हो, माझं एक मागणं आहे. वीस घरांनी रोज एक-एक रुपया पिग्मीसारखा बाजूला टाकला तर महिन्याला 600 आणि वर्षाला सात हजारांवर जमतात. एका मुलाची वह्या-पुस्तकं आणि पास त्यातून निघतो. पण त्या पैशाबरोबर गल्लीतला एक माणूस त्या मुलाच्या नावावर लिहा, दोन वर्षांसाठी. तो बँकेतला असो, नर्सबाई असोत, नाहीतर पीयूसीच्या दुसऱ्या वर्षातला पोरगा असो. त्यानं आठवड्यातून एकदा त्या घरी जायचं. यंदा सत्कार करा, शाल जरूर घाला. फक्त जुलैतल्या भेटीचा दिवस त्याच मांडवात ठरवा.

तुमच्या शेजारी आठवीतलं मूल असेल तर आज संध्याकाळीच त्याच्या घरी जा. आधार कार्ड आणि शाळेतली नोंद शेजारी-शेजारी ठेवा, आणि नाव एकेक अक्षर करून वाचा.

नमस्कार.