तेरा रिकामे चौकोन: केंटकीचं वेळापत्रक आधीच कसं ओळखायचं

(दृश्य: लेक्सिंग्टन शहर. रप अरेनाचं आतलं दृश्य. रिकाम्या खुर्च्या, मधोमध लाकडी कोर्ट.)

समजा, जून 2024 आहे. रप अरेनात शुकशुकाट आहे. वीस हजारांहून जास्त खुर्च्या आणि एकही प्रेक्षक नाही. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीच्या पुरुष बास्केटबॉल संघाचं हे घरचं मैदान. त्यांचा पहिला सामना 4 नोव्हेंबरला आहे, आणि पूर्ण वेळापत्रक जाहीर व्हायला अजून अवकाश आहे. तरीही त्यातला बराचसा भाग आज, या घडीला मांडता येतो. त्यासाठी लागतात जुनी वेळापत्रकं, एक कोरं कॅलेंडर आणि पेन्सिल. पेनाने लिहू नका, कारण खोडावं लागतंच.

आपण 2024-25 चाच मोसम घेतोय, कारण तो खेळून झालाय. मांडलेलं उत्तर ताडून पाहता येतं.

(दृश्य: कागदावर आकडे मांडणारा हात.)

सुरुवात बेरीज-वजाबाकीने. त्या मोसमात एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या पहिल्या श्रेणीतल्या संघाला नियमित मोसमात जास्तीत जास्त 31 सामने मिळतात, पण एका अटीवर. संघ एखाद्या बहुसंघीय स्पर्धेत तीन सामने खेळणार असेल, तर बाकीचे 28. स्पर्धेत दोनच खेळणार असेल, तर बाकीचे 29. स्पर्धाच नसेल, तर एकूण 29 वर थांबायचं. म्हणून मोठा संघ अशी स्पर्धा सहसा सोडत नाही.

कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या ठराविक विद्यापीठांचा गट. केंटकीची कॉन्फरन्स म्हणजे एसईसी, तिथे 18 सामने ठरलेले. 31 मधून 18 गेले, उरले 13. हे तेरा सामने कॉन्फरन्सबाहेरचे, आणि प्रतिस्पर्धी शोधायचे ते याच तेरा चौकोनांसाठी. ऑक्टोबरमधल्या सरावाच्या लढती यात धरायच्या नाहीत. केंटकी वेस्लियन आणि मिनेसोटा स्टेट हे दोन संघ त्या ऑक्टोबरमध्ये रपवर येऊन गेले, पण दोघेही दुसऱ्या श्रेणीतले. नवखा माणूस असे दोन सामने मोजून बसतो आणि मग शेवटपर्यंत हिशेब जुळत नाही.

आता तेरापैकी आधीच बांधलेले चौकोन कोणते?

(दृश्य: चार संघांची नावं, आळीपाळीने फिरणारे बाण.)

पहिला चॅम्पियन्स क्लासिक या दर वर्षीच्या लढतींचा. 2011 पासून ड्यूक, कॅन्सस, मिशिगन स्टेट आणि केंटकी हे चारच संघ इथे येतात आणि जोड्या दर वर्षी फिरतात. केंटकीसमोर 2021 मध्ये ड्यूक होता, 2022 मध्ये मिशिगन स्टेट, 2023 मध्ये कॅन्सस. चक्र पूर्ण झालं, म्हणजे 2024 मध्ये पुन्हा ड्यूक. तसंच झालं, 12 नोव्हेंबरला अटलांटात.

दुसरा सीबीएस स्पोर्ट्स क्लासिकचा. तिथेही चार संघ: केंटकी, नॉर्थ कॅरोलायना, ओहायो स्टेट, यूसीएलए. 2022 मध्ये यूसीएलए झालं, 2023 मध्ये नॉर्थ कॅरोलायना झालं, उरलं ओहायो स्टेट. 21 डिसेंबर, न्यूयॉर्क.

तिसरा लुइव्हिलचा. एकाच राज्यातले दोन संघ आणि जुनं हाडवैर, पण कॉन्फरन्स वेगळ्या. एका वर्षी त्यांच्याकडे, एका वर्षी आपल्याकडे. 2023 मध्ये लुइव्हिलला झाला, म्हणजे 2024 मध्ये रपवर. चौथा गोंझागाचा. त्यांच्याशी सहा वर्षांचा करार 2022 मध्येच सुरू झालेला, आणि या खेपेचा सामना सिएटलला. पाचवा एसीसी-एसईसी चॅलेंजचा. एसीसी ही दुसरी मोठी कॉन्फरन्स, तिचे संघ इथे एसईसीच्या संघांशी भिडतात. 2023 मध्ये मायामीचा संघ केंटकीकडे आला होता, म्हणून यंदा बाहेर जाण्याची पाळी. कोणाकडे, ते दोन्ही कॉन्फरन्स आणि टीव्ही वाहिनी मिळून ठरवतात, त्यामुळे घोषणेपर्यंत इथे फक्त ‘एसीसी, बाहेर’ एवढंच लिहायचं. नाव निघालं क्लेमसन.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. एप्रिल 2024 मध्ये जॉन कॅलिपारी आर्कन्सासला गेले आणि मार्क पोप प्रशिक्षक म्हणून आले. आता वेळापत्रकही बदलणार, असं अनेकांना वाटतं. पण करार विद्यापीठाच्या नावावर असतात. प्रशिक्षक बदलला म्हणून ड्यूक किंवा गोंझागा पुसून टाकायचं नसतं. नव्या माणसाचा हात दिसतो तो उरलेल्या आठ चौकोनांत.

(दृश्य: नोव्हेंबर-डिसेंबरचं कॅलेंडर. पाच तारखा भरलेल्या.)

ते आठ भरण्याआधी कॅलेंडरकडे नीट बघा. आठवड्याला साधारण दोन सामने, मध्ये किमान दोन दिवसांची उसंत. मोठ्या लढतीच्या अलीकडे-पलीकडे सहसा घरचा, तुलनेने सोपा सामना. डिसेंबरच्या मध्यावर सहामाही परीक्षा, तिथे भोक पडतं: लुइव्हिल 14 ला, त्यानंतर थेट 21. नाताळपायी आणखी एक भोक: 21 नंतर थेट 31. एसईसी सुरू होते 4 जानेवारीला, फ्लोरिडाविरुद्ध. मोठा संघ हल्ली कॉन्फरन्सच्या पहिल्या सामन्यात दहा दिवस न खेळता उतरत नाही, म्हणून 31 डिसेंबरच्या आसपास कोणीतरी येणार हे नक्की. ब्राउन आलं. ब्राउन आयव्ही लीगमधलं. तिथे कॉन्फरन्सचे सामने जानेवारीत सुरू होतात, त्यामुळे वर्षअखेरीला त्या संघांची तारीख मोकळी असते. असा चौकोन दिसला की आयव्ही लीगची यादी आधी चाळावी.

(दृश्य: कराराचं पान, जवळून. बोट एकेका ओळीवर सरकतं.)

बाकीचे पाहुणे पैसे देऊन बोलावलेले असतात. या सामन्यांना तिकडे बाय गेम म्हणतात. करार जेमतेम दोन-चार पानांचा. तारीख, ठिकाण, पाहुण्या संघाला द्यायची रक्कम, ती कधीपर्यंत द्यायची, पाहुण्यांना किती तिकिटं, पंच कोण नेमणार, प्रक्षेपणाचे हक्क कोणाचे. आणि एक कलम जे आधी वाचावं: करार मोडला तर किती भरपाई. ती जबर असेल तर चौकोन पक्का समजा. केंटकी सरकारी विद्यापीठ आहे, त्यामुळे राज्याच्या ओपन रेकॉर्ड्स कायद्याखाली असे कागद मागवता येतात. स्थानिक वार्ताहर ते नियमितपणे मागवतात.

रक्कम किती, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. 12 नोव्हेंबर 2019 ला केंटकी देशात पहिल्या क्रमांकावर होतं. इव्हान्सव्हिलला 90 हजार डॉलर देऊन रपवर बोलावलं आणि इव्हान्सव्हिलने 67-64 असा सामना जिंकला. पाहुणा निवडताना ती संध्याकाळ लेक्सिंग्टनमध्ये आजही आठवतात.

मग कोणता लहान संघ बोलवायचा? इथे नेट ही संघांची क्रमवारी कामाला येते. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडणारी एनसीएएची समिती 2018-19 पासून ती वापरते आणि सामन्यांचे चार गट पाडते. घरी 1 ते 30 क्रमांकाचा संघ, तटस्थ ठिकाणी 1 ते 50, बाहेर 1 ते 75: हा पहिला गट. चौथ्या गटात घरी 161 आणि त्याखालचे, तटस्थ ठिकाणी 201 आणि त्याखालचे, बाहेर 241 आणि त्याखालचे. म्हणजे क्लेमसनला जाऊन हरणं तेवढं महागात पडत नाही, पण रपवर 300 व्या क्रमांकाच्या संघाशी जिंकून फारसं काही हाती लागत नाही आणि हरलं तर ते मार्चपर्यंत टोचतं.

म्हणून जाणता माणूस शोधतो तो आपल्या छोट्या कॉन्फरन्समध्ये वरच्या तीन-चारांत असणारा, अनुभवी खेळाडू टिकवून ठेवलेला संघ. केंटकीची 2024 ची यादी पाहा: राइट स्टेट, बकनेल, लिप्सकम, कोलगेट. कोलगेट तोवर सलग चार वर्षं पॅट्रियट लीग ही आपली कॉन्फरन्स जिंकत आलेलं. लिप्सकमने तर पुढे त्याच मोसमात आपली कॉन्फरन्स जिंकून एनसीएए स्पर्धा गाठली. राइट स्टेट ओहायोतलं आणि लिप्सकम नॅशव्हिलचं. दोघंही बसने येऊ शकतात, विमानाचा खर्च नाही. नकाशावर लेक्सिंग्टनभोवती चार-पाच तासांचं वर्तुळ काढा, निम्मे उमेदवार त्यातच सापडतात.

आणि स्पर्धेचे तीन? बाहेर कुठल्याच बेटावरच्या किंवा लास व्हेगसच्या स्पर्धेत केंटकीचं नाव नव्हतं, तेव्हाच अंदाज बांधता येत होता की स्पर्धा घरीच भरणार. बीबीएन इन्व्हिटेशनल असं नाव आणि तिन्ही सामने रपवर: 22 नोव्हेंबरला जॅक्सन स्टेट, 26 ला वेस्टर्न केंटकी, 29 ला जॉर्जिया स्टेट. पाहुण्या विद्यापीठांची संकेतस्थळं रोज तपासावीत. लहान संघ आपलं वेळापत्रक अनेकदा यजमानांच्या आधी जाहीर करतात, आणि तुमचा चौकोन त्यांच्या पानावर भरलेला सापडतो.

(दृश्य: खोडरबराने पुसलेली तारीख.)

चुकतं कुठे? सगळ्यात जास्त, फेऱ्या डोळे मिटून पुढे ढकलण्यात. 2021 चा लुइव्हिलचा सामना रपवर व्हायचा होता, कोविडमुळे रद्द झाला, आणि त्याच तारखेला वेस्टर्न केंटकी येऊन खेळलं. पुढच्या वर्षी लुइव्हिलचा सामना पुन्हा रपवरच झाला. त्यामुळे वर्ष मोजू नका, झालेले सामने मोजा. 2021 च्याच डिसेंबरात सीबीएस क्लासिकमध्ये ओहायो स्टेट आणि यूसीएलए दोघांनी कोविडमुळे माघार घेतली आणि केंटकीसमोर नॉर्थ कॅरोलायना उभं राहिलं.

दुसरी चूक तारखेची. गोंझागाचा 2023-24 मधला सामना 10 फेब्रुवारीला, ऐन कॉन्फरन्सच्या मधोमध झाला. डिसेंबरमध्ये शोधणारे शोधतच राहिले. लुइव्हिल 2025 मध्ये डिसेंबर सोडून 11 नोव्हेंबरला गेलं. ठिकाण फेरीने बरोबर ओळखता आलं, तारीख टीव्हीने ठरवली.

तिसरी चूक टाळणं अवघड. 2025 मध्ये फेरीप्रमाणे सीबीएस क्लासिकला यूसीएलएची पाळी होती. त्यांच्या जागी सेंट जॉन्स आलं, 20 डिसेंबर, अटलांटा. सेंट जॉन्सचे प्रशिक्षक रिक पिटिनो. त्यांच्याच हाताखाली 1996 मध्ये मार्क पोप केंटकीकडून राष्ट्रीय विजेतेपद जिंकले होते. टीव्हीला अशी लढत हवीच असते. म्हणून फेरीच्या प्रत्येक ओळीपुढे एक कोरी जागा सोडावी.

(दृश्य: नवं, कोरं कॅलेंडर. वरच्या कोपऱ्यात 2026-27.)

2026-27 पासून मर्यादा 32 सामन्यांची, आणि स्पर्धेची अट गेलेली. एसईसीचे 18 वजा केले की चौकोन होतात चौदा. जादा चौकोनात आणखी एक बाय गेम येतो की दुसऱ्या मोठ्या संघाशी लढत, हे कराराच्या कागदांत दिसेल. तोवर ती जागा पेन्सिलने.