समृद्धीचं शुभवर्तमान आणि मिलेतातला आजारी त्रफिम

मित्रहो, प्रश्न सरळ आहे. ‘विश्वास ठेवा, आरोग्य आणि पैसा तुमच्या हक्काचाच आहे’ असं सांगणारे लोकप्रिय प्रचारक ख्रिस्ती मंडळीच्या मूळ शिकवणीला धरून आहेत का?

एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण हे प्रचारक सगळे एका माळेचे मणी नाहीत. अमेरिकेत ह्यूस्टनच्या लेकवूड चर्चचे जोएल ऑस्टीन घ्या. 2005 पासून त्यांची उपासना पूर्वी जिथे बास्केटबॉलचे सामने होत त्या भल्यामोठ्या सभागृहात भरते. त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार ते काय बोलत नाहीत याबद्दल आहे. पाप, पश्चात्ताप, न्याय हे विषय व्यासपीठावरून जवळजवळ गायबच. दुसरे अमेरिकी प्रचारक केनेथ कोपलंड यांच्याबद्दलची तक्रार मात्र ते जे बोलतात त्याबद्दल आहे, आणि ती अधिक गंभीर आहे.

विश्वास ठेवला की आरोग्य आणि पैसा हक्काने मिळतो, ही शिकवण आली कुठून? ई. डब्ल्यू. केनियन (1867-1948) यांच्या लिखाणातून ती केनेथ हेगिन (1917-2003) यांनी उचलली आणि हेगिन यांच्याकडून ती कोपलंड यांच्यापर्यंत पोचली. ऑरल रॉबर्ट्स या आणखी एका अमेरिकी प्रचारकाने तिला ‘बी पेरण्याची’ जोड दिली: देवाला पैसे द्या, पीक येईल. याच रॉबर्ट्स यांनी 1987 साली जाहीर केलं होतं की 80 लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला घरी बोलावून घेईल, म्हणजे आपल्याला मरण येईल. पैसे जमले. असो.

आता शिकवणीकडे येऊ. यातल्या बहुतेकांना त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), येशूच्या पुनरुत्थानाबद्दल विचारा, उत्तर बिनचूक मिळेल. नायसियाचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचं जुनं सर्वमान्य कबुलीपत्र, म्हणायलाही कुणी अडखळणार नाही. म्हणून वरवर तपासणारा ‘यांच्यात काही वावगं नाही’ म्हणून मोकळा होतो. पण हेगिन आणि कोपलंड यांनी असंही शिकवलं की येशू आत्मिकरीत्याही मेला, त्याने सैतानाचा स्वभाव धारण केला, नरकात यातना भोगल्या आणि तिथे त्याचा नवा जन्म झाला. इथे मात्र गय करता येत नाही. खरा देव आणि खरा मनुष्य असा एकच ख्रिस्त, हे 451 साली खाल्कीदोनला भरलेल्या धर्मगुरूंच्या परिषदेने ठामपणे मांडलं. त्या ख्रिस्तात सैतानाचा स्वभाव बसवणार कुठे? आणि तारणाचं काम नरकात पुरं व्हायचं होतं, तर वधस्तंभावर ‘पूर्ण झालं आहे’ असं तो म्हणाला ते कशाबद्दल?

हा भाग बऱ्याच श्रोत्यांच्या कानावर कधी पडतच नाही. त्यांना ऐकू येतो तो विश्वासाचा नियम: तोंडाने कबूल कराल ते मिळेल, शंका काढलीत तर अडेल. माझ्या मते खरी मेख इथे आहे. ख्रिस्ती मंडळीने विश्वास म्हणजे देवावर टाकलेला भरवसा मानला. इथे विश्वास ही एक शक्ती होते, आणि ती नीट वापरली की देवाला हालचाल करावीच लागते. मग प्रार्थना विनंती राहत नाही, वसुली होते.

यासाठी बायबलमधली वचनं कशी वापरली जातात ते पाहा. योहानाच्या तिसऱ्या पत्रातलं दुसरं वचन यांचं अगदी लाडकं. पत्र ज्याला लिहिलं त्या गायसाला सर्व बाबतींत सुस्थिती आणि आरोग्य लाभो, अशी लेखकाची प्रार्थना आहे. आपण पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारतो ना, त्यातलाच हा प्रकार. त्यातून सगळ्या विश्वासणाऱ्यांना श्रीमंतीची हमी काढायची म्हणजे फारच झालं. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशूसाठी घरदार सोडणाऱ्याला ‘शंभरपट’ मिळेल म्हटलंय, तेही असंच. त्याच वाक्यात, त्याच यादीत ‘छळणुकीसह’ असं आहे. तिथे प्रवचन हमखास थांबतं.

आणि प्रेषित पौलाचं काय करायचं? आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, निरोपांच्या गर्दीत, तो लिहून जातो: माझा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. एवढंच. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, त्याने तोंडातून वाईट शब्द काढला, असला काही खुलासा नाही. पौलाच्या हातून लोक बरे झाल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत आहे, तरी सोबती आजारी राहिला, आणि पौलाला त्यात समजावून सांगण्यासारखं काही वाटलं नाही. तीमथ्यालाही तो पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं: माझी कृपा तुला पुरे. समृद्धीच्या प्रचारकाला या तिघांना काय सांगता येईल, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. बरा न झालेला माणूस त्यांच्या शिकवणीत नेहमी स्वतःच दोषी ठरतो. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र हेच म्हणत होते, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर.

याचा अर्थ दारिद्र्य पवित्र, असाही नाही. अब्राहाम श्रीमंत होता, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया पौलाची यजमानीण होती. देव आजही बरं करतो असं मानणारेही या शिकवणीला विरोध करतात. पवित्र आत्म्याच्या दानांवर आणि चमत्कारांवर भर देणाऱ्या, असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथाने 1980 मध्येच अशा कबुलीच्या शिकवणीविरुद्ध निवेदन काढलं. लॉझान या जागतिक ख्रिस्ती सुवार्ता चळवळीतल्या आफ्रिकी ईश्वरविद्यातज्ज्ञांनी घानातल्या अक्रोपाँग इथे 2008 आणि 2009 मध्ये बैठका घेतल्या. देवाचं सामर्थ्य त्यांनी मान्य केलं. ते माणसाच्या तंत्राने आपोआप चालू होतं, ही कल्पना मात्र साफ नाकारली. ‘पाश्चात्त्य पंडितांना चमत्कार पचत नाहीत’ हा नेहमीचा बचाव इथे लागू पडत नाही.

समृद्धीच्या प्रचारकांपैकी काहींनी माघारही घेतली. बेनी हिन यांनी 2019 मध्ये सांगितलं की शुभवर्तमान विकायला नाही, ठरावीक रकमेचं बी मागणं आपण बंद करतोय. क्रेफ्लो डॉलर यांनी 2015 मध्ये साडेसहा कोटी डॉलरच्या विमानासाठी आवाहन केलं होतं. 2022 मध्ये ते म्हणाले की दशमांशाबद्दल, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याबद्दल, आपण शिकवलं ते बरोबर नव्हतं, त्याविषयीची आपली पुस्तकं आणि टेप फेकून द्या. मात्र माफी मागणार नाही, कारण त्या वाटेने गेलो नसतो तर इथवर पोचलो नसतो. चूक कबूल करायला धैर्य लागतं, त्याचं श्रेय मी देतो. तरीही हे अपुरं वाटतं. जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या घरी येशू आला, तेव्हा त्याने उभं राहून निम्मी मालमत्ता गरिबांना देऊ केली, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो म्हणाला. आपण इथवर कसे पोचलो, हे तो सांगत बसला नाही.