छापखान्यात आता काय छापतात?

(दृश्य: रात्रीची वेळ, ऑफसेट मशीनचा आवाज.)

भाद्रपद सरत आला की पुण्याच्या पेठांमधल्या छापखान्यांत रात्रपाळ्या लागतात. दिवाळी अंकांचा हंगाम! 1909 साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात एक जिन्नस वाढला. अंक आजही शेकड्यांनी निघतात. पण मालक अंक हातात घेतो तेव्हा आधी जाहिरातींची पानं मोजतो. अंकाचा खर्च विक्रीतून कधीच निघत नव्हता, तो निघायचा जाहिरातींतून. आणि जाहिरातदार आता मोबाइलवर गेलाय.

(दृश्य: मशीनमन भिंगातून कागद तपासतोय.)

रंगीत छपाईला चार प्लेटा लागतात. निळी, किरमिजी, पिवळी, काळी. चारही रंग एकावर एक बिनचूक बसायला हवेत, म्हणून कागदाच्या कडेला बारीक फुल्या छापलेल्या असतात. मशीनमन चालत्या मशीनमधून एक कागद ओढतो, भिंग लावतो, फुली बघतो. पिवळा केसभर सरकलाय. पुन्हा जुळवणी, पुन्हा कागद. रंग बसेपर्यंत शे-दीडशे कागद रद्दीत जातात.

हा सगळा खर्च पहिली धड प्रत निघायच्या आधीचा. दहा हजार प्रती असतील तर तो त्यांच्यात विरून जातो, शंभरच असतील तर अंगावर येतो. जितक्या प्रती जास्त तितका दर कमी, याच हिशेबावर हा धंदा उभा राहिला. मोबाइलने नेमका तोच मोडला.

लग्नपत्रिकाच बघा ना. पूर्वी पाचशे-हजार सहज छापल्या जायच्या. आता आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर जातं आणि छापील पत्रिका लागतात त्या गणपतीपुढे ठेवायला, कुलदैवताला आणि रुसणाऱ्या काकांना. देवाला पीडीएफ चालत नाही, हा छापखान्याला मोठाच आधार म्हणायचा.

वर्तमानपत्रांना तर 2020 च्या टाळेबंदीने गाठलं. मुंबई-पुण्यात घरपोच अंक टाकायला बंदी आली, आणि सकाळच्या चहाबरोबर फोन उघडायची सवय लागली ती बऱ्याच घरांतून हललीच नाही.

(दृश्य: छपाईच्या खिळ्यांची जुनी लाकडी पेटी.)

छापखाना संपला, असं याआधीही म्हणून झालंय. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, वेचून ओळ जुळवणारे कंपोझिटर होते, तोवर डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आली. खिळे वजनावर भंगारात गेले. छपाई उलट वाढली, स्वस्त झाली. फक्त त्या वाढीत कंपोझिटरला जागा उरली नव्हती. म्हणून ‘छपाई टिकेल का’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. ती टिकेल, पण कुणाच्या हाताला काम देऊन?

(दृश्य: डाय-कटिंग मशीनवर खोकी कापली जातायत.)

काम वाढतंय ते इथे. मिठाईचे बॉक्स, मसाल्यांची पाकिटं, औषधांची कार्टन. भारतातलं पहिलं मुद्रणयंत्र 1556 मध्ये गोव्यात आलं ते धर्मग्रंथ छापायला. आज त्याच गोव्यातल्या औषध कारखान्यांना रोज छापील खोकी लागतात. गोळी काही डाउनलोड करता येत नाही. ऑनलाइन मागवलेला चार्जरसुद्धा छापील खोक्यातच येतो. मात्र खोक्याच्या कामाला डाय-कटिंग हवं, चिकटवणारं मशीन हवं, जागा हवी. पेठेतल्या जुन्या वाड्यात तळमजल्यावर बसलेल्या छापखान्याला हे झेपत नाही. मोठा छापखाना शहराबाहेर, एमआयडीसीत जातो आणि मधला अडकतो.

लहानासाठी एक वाट आहे. डिजिटल मशीनला प्लेट लागत नाही, त्यामुळे तीस प्रतीही छापता येतात. दर प्रतीमागे खर्च जास्त, पण गोदामात गठ्ठे पडून राहत नाहीत, आणि ‘आवृत्ती संपली’ म्हणून एखादं जुनं पुस्तक कायमचं गडप व्हायचं कारण उरत नाही.

(दृश्य: कोपऱ्यातलं डिजिटल मशीन, शेजारी ताज्या प्रती.)

आज इथे मोठ्या मशीनवर चिवड्याचे बॉक्स चढलेत. कोपऱ्यात एका कवितासंग्रहाच्या चाळीस प्रती निघतायत. ऑर्डर खुद्द कवींचीच. मालकांनी पैसे आगाऊ घेतलेत.