हस्ताचा पाऊस आणि सोयाबीनची बनीम

(दृश्य: ऑक्टोबरची सकाळ. लातूर जिल्ह्यातलं एक जिरायती वावर. मधोमध ताडपत्रीखाली झाकलेला ढीग.)

ही सोयाबीनची बनीम. कापलेलं पीक मळणीयंत्र येईपर्यंत असं रचून ठेवतात. ऊन पडलं की ताडपत्री काढायची, आभाळ भरून आलं की धावत येऊन पुन्हा टाकायची. आत ओल राहिली तर बुरशी धरते, शेंगेतल्या शेंगेत कोंब फुटतात. जूनपासूनचं बियाणं, खत, फवारणी, खुरपणीची मजुरी, सगळं या एका ताडपत्रीखाली आहे. घरातलं कुणीतरी रात्री दोनदा उठून बघून येतं.

लातूर-धाराशिवकडे आता खरीप म्हटलं की सोयाबीन. शंभर-एक दिवसांत पीक हाती येतं, आडतीवर लगेच विकलं जातं, दसरा-दिवाळीला घरात पैसा दिसतो. पाण्याची सोय नसलेल्या शेतकऱ्यानं ते निवडलं, यात त्याचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. पण दिवस मोजून बघा. जूनअखेर पेरलेलं सोयाबीन काढणीला येतं ते सप्टेंबर सरताना, उत्तरा नक्षत्र संपून हस्त लागतो तेव्हा. नेमका तेव्हाच मराठवाड्यात पाऊस जोर धरतो.

(दृश्य: बालाघाटाचे उघडे माळ. दूरवर ढगांची रांग.)

अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवरच रिते होतात. आष्टी, पाटोदा, भूम, परंडा या तालुक्यांना जून-जुलैत बऱ्याचदा नुसता वारा आणि भुरभुर मिळते. इकडचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, पश्चिमेकडे सरकतात आणि जाता जाता इथल्या काळ्या रानाला भिजवून जातात.

जुनी पेरणी याच पावसावर बेतलेली होती. मृगात मूग-उडीद टाकायचा. सत्तर दिवसांच्या आत, पोळ्याच्या आसपास, तो घरात. मग वखराच्या पाळ्या घालून रान मोकळं ठेवायचं, उत्तरा-हस्ताचं पाणी मुरू द्यायचं आणि वाफसा आला की रब्बी ज्वारी पेरायची. पाऊस थांबल्यावर हे पीक वाढायला लागतं. पुढचे चार महिने ते जमिनीच्या पोटातल्या ओलीवर काढतं.

ही ओल राखणं हेच खरं कसब. काळी जमीन भिजली की फुगते, वाळली की आकसते. थंडीत तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खालची ओल त्या वाटेनं उडून जाते. म्हणून कोळपणी, म्हणजे बैलांच्या कोळप्यानं पिकाच्या ओळींमधली माती हलवणं. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी फटीचं कोळपं, पाच आठवड्यांनी पासेचं, आठ आठवड्यांनी दातेरी कोळपं. तिसऱ्या कोळपणीत तण काढणं दुय्यम असतं. भेगा बुजवायच्या आणि वर भुसभुशीत मातीचं पांघरूण घालायचं, हे तिचं काम. खोल जमिनीत मालदांडी वाणाची ज्वारी अशा सांभाळलेल्या ओलीवर, वरून एकही पाणी न देता, कणसात दाणा भरते. आम्हाला तरी शेतीतलं याहून सुंदर गणित दुसरं दिसलेलं नाही.

‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण ज्वारी-हरभऱ्याच्या रानातली. वावरात बनीम उभी असेल, तर स्वातीचं आभाळ बघून पोटात गोळा येतो.

(दृश्य: सुकलेलं सोयाबीन. पाठोपाठ पाण्याखालचं शिवार.)

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलात होतं, शेंगा धरायच्या होत्या आणि पावसानं ओढ दिली. २०२५ च्या सप्टेंबरात उलटं झालं. सीना, मांजरा, सिंदफणा पात्र सोडून शिवारात आल्या. उभं पीक गेलंच, पण कित्येक ठिकाणी माती खरडून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. अशा पुरापुढे जुनी पेरणीही टिकली नसती, हे कबूल केलं पाहिजे. पीक एका हंगामात जातं, पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. वाहून गेलेली माती कुठून आणायची?

मग ज्वारी पेरणं का सुटलं? काढणीला माणसं मिळेनात. शेजारची रानं रिकामी, म्हणून सगळी पाखरं एकाच्याच वावरात उतरतात. कोळपं ओढायला बैलजोडी लागते, बैलांना कडबा लागतो आणि कडबा ज्वारीतूनच येतो. यातली एक कडी निखळली की बाकीच्याही सुटत जातात.

परभणीचं कृषी विद्यापीठ उपाय सांगतं: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाढ्यावर मूठ धरू नका, म्हणजे पेरू नका, रुंद वरंबा-सरीवर पेरा, म्हणजे पावसाच्या खंडात ओल टिकते आणि जादा पाणी सरीतून निघून जातं. सोयाबीनच्या चार ओळींमागे दोन ओळी तुरीच्या घ्या. तूर खोल मुळांवर जानेवारीपर्यंत उभी राहते, सगळी मदार एका पंधरवड्यावर राहत नाही. हे करणारी शेतं आता गावोगाव दिसतात.

(दृश्य: वेळ अमावस्येचा दिवस. हरभऱ्याच्या रानात कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, म्हणजे पाच दगड. बाया डोक्यावर आंबिलाचं बिंदगं घेऊन येताहेत.)

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव रानात असतं. भज्जी, उंडे, आंबील. ‘ओलगे ओलगे’ म्हणत कोपीभोवती फेरे होतात. आम्ही गेलो त्या वावरात यंदा ज्वारी नव्हती. कोपीसाठी लागणाऱ्या पेंढ्या घरधन्यानं आदल्या दिवशी शेजारच्या गावातून, मेव्हण्याकडून, मोटारसायकलवर बांधून आणल्या होत्या.